‘नव्वद नंबर’ म्हणजे सगळं तेल सारखं नव्हे! गाडीच्या डिफरन्शियलमध्ये तेल आणि अ‍ॅडिटिव्ह टाकण्याआधी हे वाचा

शहादा : पाऊस पडून गेला की तापी-गोमाईच्या काठच्या काळ्या मातीत पिकअप फसणं काही नवं नाही. एक चाक जागेवर भिंगरीसारखं फिरतं, दुसरं चाक हलायचं नाव घेत नाही आणि पपई-केळीचा माल वावरातच अडकतो. तोरणमाळचा घाट असो की धडगावकडचे चढ-उताराचे रस्ते, तिथेही तीच गत. म्हणून आता काही जण ‘एलएसडी’ किंवा ‘एमएलडी’ असलेली गाडी बघून घेतात. गाडी घेताना एवढी चौकशी होते, पण तेल बदलायची वेळ आली की गॅरेजवर एकच वाक्य असतं, “नव्वद नंबर टाक, दादा.”

इथेच घोळ होतो. नव्वद हा फक्त तेलाच्या जाडीचा नंबर आहे. ते तेल कोणत्या कामाचं आहे, हे त्या नंबरावरून कळत नाही. चुकीचं तेल टाकलं की कधी वळणावर मागून कटकट आवाज येतो, कधी गिअर टाकताना खरखर होते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर थेट ब्रेकवरच परिणाम होतो. उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना ब्रेक कमी लागला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात सांगायचं तर तेल रंगावरून, जाडीवरून किंवा किमतीवरून ठरत नाही. आत काय घासतं, यावरून ठरतं. आत पोलादाचे दाते आहेत, पितळेच्या रिंगा आहेत की एकमेकींवर दाबून बसलेल्या प्लेटा आहेत, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

डिफरन्शियल करतो काय?

मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर वळताना एक चाक घासत जाईल. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचं काम हा गोळा करतो.

पण साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला पकडच राहिली नाही, तर त्या चाकाला फिरायला फार थोडा जोर लागतो. मग कोरड्या जागेवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. इंजिन कितीही रेटा, गाडी जागची हलत नाही.

यावर उपाय म्हणून ‘लिमिटेड स्लिप डिफरन्शियल’, म्हणजे एलएसडी आला. शर्यतीच्या मोटारींत तो १९३० च्या दशकातच वापरात होता. नेहमीच्या मोटारींत तो १९५६ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने दिला. त्याच्या जुन्या आणि सगळ्यात जास्त चालणाऱ्या प्रकारात गोळ्याच्या आत क्लच प्लेटांचा गठ्ठा असतो. एक चाक जास्त पळायला लागलं की या प्लेटा त्याला धरून ठेवतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

आता गंमत बघा. दात्यांना तेल हवं ते घर्षण कमी करायला, आणि प्लेटांना मात्र धरायला घर्षण हवं. तेल एकच आणि त्याला कामं दोन, एकमेकांच्या उलट. एलएसडीच्या तेलाचा सगळा प्रश्न या एका गोष्टीतून निघतो.

बाटलीवरचे आकडे कसे वाचायचे?

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० असा आकडा. ही झाली जाडी. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांपर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंत चालेल, असा त्याचा हिशेब आहे. आपल्याकडे तोरणमाळलासुद्धा एवढी थंडी पडत नाही. तेव्हा आपल्या कामाचा आकडा दुसरा, म्हणजे ९० किंवा १४०. तेल गरम झाल्यावर किती जाड राहील ते हा आकडा सांगतो. चाळिशी पार करणारा उन्हाळा आणि गाडीत भरलेला माल, हे धरून गाडी कंपनीने जो आकडा दिला असेल तोच घ्यावा.

बरेच जण समजतात की ९० नंबरचं तेल इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलापेक्षा दुप्पट जाड असतं. तसं नाही. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ९० नंबर तेल जाडीला साधारण इंजिनच्या ४०-५० नंबरच्या तेलाएवढंच असतं. म्हणून ‘जाडच तर हवं, इंजिन ऑइल टाकून देऊ’ हा हिशेबही चुकतो. जाडी जवळपास सारखी असली तरी आत मिसळलेली रसायनं वेगळी असतात.

ती रसायनं सांगणारी दुसरी गोष्ट म्हणजे जीएल-४, जीएल-५ हे शब्द. हा दर्जा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला आहे. खरी मेख इथे आहे. ९० नंबरचं तेल जीएल-४ मध्येही मिळतं आणि जीएल-५ मध्येही. डब्याचा रंग सारखा, नंबर सारखा, काम मात्र वेगळं.

जीएल-५ गोळ्यासाठी, जीएल-४ बहुतेक गिअरबॉक्ससाठी

मागच्या एक्सलमधले क्राऊन आणि पिनियन नुसते एकमेकांवर फिरत नाहीत, एकमेकांवरून घसरतातही. याला हायपॉइड गिअर म्हणतात. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेला असतो. १९२६ च्या सुमारास पॅकार्डनेच हे गिअर मोटारींत आणले. त्यामुळे गाडीची बैठक खाली आली, पण दात्यांवर भयंकर दाब यायला लागला. साधं तेल त्या दाबाखाली बाजूला सरतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. ती दात्यांवर पातळ थर धरतात आणि दाते झिजू देत नाहीत. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो तो या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात.

मग सगळीकडे जीएल-५ च का टाकू नये? कारण बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा असतात. तेल तापल्यावर गंधक पितळेला खातं. शिवाय ही रिंग थोडी घासली तरच गिअर सुरळीत पडतो. जास्त निसरड्या तेलाने ती घासतच नाही आणि गिअर टाकताना खरखर होते. म्हणून पुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च टाकावं. ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ हा हिशेब इथे चालत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारींत, उदाहरणार्थ स्विफ्ट किंवा वॅगन-आर, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतो. दोघांना तेल एकच. अशा मोटारीत मागचा गोळा नाही, तेव्हा गोळ्याचं वेगळं तेल घेण्याचा प्रश्नच येत नाही.

अ‍ॅडिटिव्हची छोटी बाटली कुणाला लागते?

प्लेटांच्या एलएसडीत नुसतं जीएल-५ टाकलं तर हळू वेगात, मोठ्या वळणावर मागून कटकट किंवा थरथर जाणवू शकते. प्लेटा नीट सरकत नाहीत, चिकटतात आणि सुटतात, पुन्हा चिकटतात आणि सुटतात. हे थांबवण्यासाठी तेलात ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ नावाचं द्रव्य मिसळतात. दुकानात मिळणारं एलएसडी अ‍ॅडिटिव्ह ते हेच. ते प्लेटांवर पातळ थर धरतं आणि त्या झटके न देता सरकतात.

पण जेवणात मीठ तसं हे आहे. कमी पडलं तर कटकट, जास्त झालं तर प्लेटा घसरायला लागतात आणि एलएसडी साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. ज्या चिखलासाठी जास्तीचे पैसे मोजले, तिथेच गाडी फसते.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. तेलाच्या डब्यावर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलेलं असेल तर अ‍ॅडिटिव्ह त्यात आधीच मिसळलेलं असतं. वरून आणखी टाकू नये.

२. डब्यावर नुसतं जीएल-५ असेल आणि गाडीच्या पुस्तिकेत मॉडिफायर टाका असं सांगितलं असेल, तरच बाटली घ्यावी. प्रमाण पुस्तिकेत किंवा बाटलीवर दिलेलं असतं. समजा प्रमाण शंभराला चार आहे आणि गोळ्यात दीड लिटर तेल बसतं, तर ६० मिलि लागेल. अख्खी बाटली ओतायची नाही. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने मोजून टाकता येतं.

३. आवाज घालवण्यासाठी मॉडिफायर टाकायचं असेल तर आधी अर्धं प्रमाण टाकावं. मग मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आठ-दहा फेऱ्या माराव्यात, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये जातं. तरी आवाज राहिला तर बाकीचं टाकावं. सांगितलेल्या प्रमाणाच्या वर जाऊ नये. पूर्ण प्रमाण टाकूनही आवाज येत असेल तर प्लेटा किंवा बेअरिंग झिजलेले असू शकतात. त्यावर बाटलीचा इलाज नाही, गोळा उघडूनच बघावा लागतो.

४. गाडीत साधा डिफरन्शियल असेल तर अ‍ॅडिटिव्हचा काडीचा उपयोग नाही. बाटली ओतली म्हणून साधा गोळा एलएसडी होत नाही.

नाव एलएसडी, आत प्लेटा असतीलच असं नाही

प्रत्येक एलएसडी प्लेटांचा नसतो. काहींमध्ये तिरक्या दात्यांचे गिअर हे काम करतात. त्याला टॉर्सेन किंवा हेलिकल प्रकार म्हणतात. तिथे दात्यांचं घर्षणच गाडीला ओढतं, म्हणून मॉडिफायरची गरज नसते. मारुती जिमनीत ‘ब्रेक एलएसडी’ आहे. त्यात घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. नावात एलएसडी असला तरी गोळा साधाच. तिथे अ‍ॅडिटिव्ह टाकणं म्हणजे पैसे वाया.

महिंद्राच्या थारच्या काही मॉडेलमध्ये आणि बोलेरो निओच्या एन१० (ओ) मॉडेलमध्ये एमएलडी, म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो. दोन्ही मागच्या चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप चाकं एकमेकांना जोडून टाकतो. फोर्स गुरखाला डिफरन्शियल लॉक ड्रायव्हर स्वतः लावतो. या दोन्हींना एलएसडी समजून अ‍ॅडिटिव्ह टाकू नये. पुस्तिकेत जे तेल लिहिलं असेल तेवढंच टाकावं.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे पुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर देऊन कळतं. जुन्या गाडीची पुस्तिका हरवली असेल तर एक साधी खूण आहे. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली मजबूत स्टँड द्या, गिअर न्यूट्रलला घ्या आणि हँडब्रेक सोडा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलटं फिरलं तर डिफरन्शियल साधा. त्याच दिशेने फिरलं किंवा चाक फिरवायला जड गेलं तर प्लेटांचा एलएसडी असण्याची शक्यता. मात्र एमएलडी या तपासात साध्यासारखाच वागतो, त्यामुळे तो ओळखायला पुस्तिकाच हवी. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं

हीच प्लेटांची गोष्ट ट्रॅक्टरमध्ये ब्रेकच्या रूपाने येते. हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना ऑइल ब्रेक, म्हणजे तेलात बुडालेले ब्रेक असतात. त्यांच्या प्लेटा तेलातच घासतात. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ब्रेक, सगळ्यांना एकच तेल असतं. त्याला ‘यूटीटीओ’ म्हणतात. त्यात मॉडिफायर किती असावं, हे ब्रेक पकडेल पण आवाज करणार नाही, अशा बेताने ठरवलेलं असतं. जॉन डिअरचं ‘जे२०सी’ किंवा मॅसीचं ‘एम११३५’ अशी जी नावं डब्यावर दिसतात, ती ट्रॅक्टर कंपन्यांनी घालून दिलेल्या दर्जाची आहेत.

अशा ट्रॅक्टरमध्ये जीपच्या गोळ्याचं जीएल-५ टाकलं तर ब्रेक दाबल्यावर घरघर होऊ शकते, ब्रेक सारखा लागत नाही आणि त्यातलं गंधक पितळी-ब्राँझ भागांना खातं. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचा आवाज घालवायला कुणी एलएसडी अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतली तर आवाज कदाचित थांबेल, पण ब्रेकची पकडही कमी होईल. गळीत हंगामात सातपुडा कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. तेव्हा ट्रॅक्टरच्या तेलात बाहेरची कोणतीही बाटली ओतू नये.

जुन्या, कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरचं तेल वेगळं असू शकतं. शेजारच्याने टाकलं म्हणून आपणही तेच टाकलं, असं करू नये. आणि ट्रॅक्टरच्या पायाजवळचा डिफरन्शियल लॉक ही दात्यांची पकड आहे, तिला अ‍ॅडिटिव्ह लागत नाही. फक्त लॉक लावलेला असताना ट्रॅक्टर वळवू नये.

तेल बदलताना

आधी भरायचा वरचा नट खोलून बघावा. तो जाम असेल आणि खालून तेल आधीच काढलं असेल, तर गाडी तिथेच उभी राहते. थोडी गाडी चालवून, तेल कोमट झाल्यावर काढावं, म्हणजे खालचा गाळ निघतो. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसतो. तो नेहमीच्या झिजेचा. लोखंडाचे तुकडे किंवा पापुद्रे दिसले तर मात्र गोळा उघडून बघावा.

गाडी सपाट जागेवर असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत यावं, त्याहून जास्त नको. जास्त भरलं तर फेस होतो, दाब वाढतो आणि सील सुटून तेल मागच्या ब्रेकच्या लायनरवर येतं.

पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली असेल तर तेल एकदा बघून घ्यावं. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधासारखं पांढरट झालं तर किलोमीटरचा हिशेब न बघता बदलावं. ब्रीदर मातीने बुजला असेल तर साफ करावा.

जुनी गाडी विकत घेताना गोळ्यातलं तेलही बघावं. आवाज दाबायला मुद्दाम जाड १४० नंबर तेल भरण्याची युक्ती आहे. पूर्वी तर लाकडाचा भुसासुद्धा टाकत. असा आवाज थोडे दिवस गप्प राहतो आणि पैसे देऊन झाल्यावर परत बोलायला लागतो.

काढलेलं तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावं.

दुकानात उभं राहून विचारायचे पाच प्रश्न

– पुस्तिकेत जीएल-४ आहे, जीएल-५ आहे की यूटीटीओ? पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि दुकानदाराला दाखवावा.
– जाडीचा आकडा पुस्तिकेतलाच आहे ना?
– डब्यावर ‘एलएस’ लिहिलंय का? लिहिलं असेल तर वेगळी बाटली नको.
– डबा सीलबंद आहे का, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख वाचता येते का?
– पक्कं बिल मिळेल का?

गोळ्यात तेल बसतं एक-दोन लिटर. क्राऊन-पिनियनचा जोड किंवा ट्रॅक्टरच्या ब्रेक प्लेटा बदलायचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. पुढच्या वेळी ‘नव्वद नंबर टाक’ म्हणण्याआधी मोबाइलमधला तो फोटो उघडा आणि त्यात लिहिलेलं तेलच मागा.